हिरव्या अंड्याचा हिशेब

दिवाळी अंक वाचकाच्या हाती पडतो त्या सुमारास वऱ्हाडात सीतादही होऊन कापसाचा पहिला वेचा घरात येऊ लागलेला असतो, तुरीची झाडे फुलोऱ्यावर आलेली असतात, पहाटेच्या हवेत किंचित गारवा उतरलेला असतो. आणि अमरावती-अकोल्याकडच्या ज्या एखाद्या वावरात सहा फुटी जाळीच्या कुंपणाआड इमू नावाचा परदेशी पक्षी अजून तग धरून असेल, तेथे त्याची मादी सायंकाळी साडेपाच ते सात या वेळात, म्हणजे ऐन दिवेलागणीला, त्या हंगामातले पहिले अंडे घालते. हे अंडे गडद हिरवे, हाताला किंचित खरखरीत आणि वजनाला पावणेपाचशे ग्रॅमपासून साडेसहाशे ग्रॅमपर्यंत भरणारे असते, म्हणजे कोंबडीची दहाएक अंडी एका बाजूला आणि हे एकटे दुसऱ्या बाजूला असा तराजूचा न्याय. पुढे साधारणतः तीन-तीन दिवसांच्या अंतराने, माघ-फाल्गुनापर्यंत हा क्रम चालू राहतो. पहिल्या वर्षी पंधराएक अंडी मिळतात; मादी जुनी झाली म्हणजे वर्षाला पंचवीस, क्वचित तीस-चाळीसही. या एका आकड्यावर वऱ्हाडात आणि वऱ्हाडाबाहेर किती कर्जप्रकरणे उभी राहिली आणि किती बुडाली याचा विचार मनात आला म्हणजे त्या अंड्याकडे केवळ कुतूहलाने पाहणे कठीण होऊन बसते. परंतु प्रथम कुतूहलाचाच अधिकार मान्य केला पाहिजे, कारण अंडे उबवण्याची विद्या ही या सबंध व्यवहारातली सर्वांत प्रामाणिक बाब होती.

हा पक्षी दक्षिण गोलार्धातला. दिवस लहान होऊ लागले की त्याच्या शरीरात प्रजननाचा काळ सुरू होतो, आणि ऑस्ट्रेलियात दिवस लहान होतात ते आपल्या वैशाख-ज्येष्ठाच्या सुमारास. त्या खंडातील कामिलरोई आणि युआलायी या आदिवासी समाजांनी तर या पक्ष्याचे चित्रच आकाशात पाहिले आहे. आकाशगंगेच्या तेजस्वी पट्ट्यात जे काळे, तारारहित डाग दिसतात त्यांत त्यांना इमूचे डोके, मान आणि धड दिसते, आणि एप्रिल-मे महिन्यांच्या संध्याकाळी ती आकृती एका विशिष्ट स्थितीत आली की माळावर अंडी घातली जाऊ लागली असे ते समजतात. तोच पक्षी विषुववृत्त ओलांडून उत्तरेस आणला म्हणजे तो आपले पंचांग उलटे करतो. आकाशातली आकृती त्याच्या कामाची राहत नाही, दिवसाच्या लांबीचा दाखला मात्र त्याला येथेही तितकाच ग्राह्य असतो. वऱ्हाड जेमतेम एकविसाव्या अक्षांशावर, त्यामुळे येथे उन्हाळी आणि हिवाळी दिवसांत अडीच तासांहून अधिक फरक नसतो. पण तेवढा इशारा या पक्ष्याला पुरतो, आणि शरद ऋतू लागताच जोड्या जमू लागतात.

परदेशी म्हटले खरे. तथापि या प्रदेशाची स्मृती पुरेशी मागे नेली तर तोही शब्द जपूनच वापरावा लागतो. वऱ्हाडची पूर्णा ज्या तापीला जाऊन मिळते त्याच तापीच्या खोऱ्यात, जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात, पाटणे येथे पुरातत्त्वज्ञ शां. अ. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे सापडली, आणि त्यांतील एका तुकड्यावर तर कोणा अश्मयुगीन हाताने आडव्यातिडव्या रेषांची जाळी कोरलेली आहे. त्या कवचांचे वय सुमारे पंचवीस हजार वर्षांचे मानले जाते. भारतात सापडलेल्या अशा कवचांतून हैदराबादच्या कोशिकीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी जनुकीय द्रव्य मिळवले, आणि तो पक्षी आफ्रिकेतल्या शहामृगाचाच सगा असल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. शहामृग आणि इमू हे एकाच विस्तृत कुळातले, न उडणारे, धावणारे, दिवसभर चालत चरणारे. तेव्हा हजारो वर्षांच्या खंडानंतर असल्या पक्ष्याची अंडी पुन्हा तापी-पूर्णेच्या खोऱ्यात माणसाच्या हाती आली असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. पहिल्या खेपेस माणसाने ती खाल्ली आणि कोरली. दुसऱ्या खेपेस ती उबवून विकण्याचा घाट घातला.

उबवण्याचे काम निसर्गाने या जातीत नराकडे सोपवले आहे, आणि ते तो ज्या निष्ठेने करतो तिला तपश्चर्येखेरीज दुसरे नाव सुचत नाही. झाडाची साल, काटक्या, वाळकी पाने यांचे एक ओबडधोबड अंथरूण जमिनीवर करून मादीने घातलेली काही अंडी साठली की नर त्यांवर बसतो. त्यानंतर सुमारे आठ आठवडे तो जवळजवळ काहीही खात नाही, पीत नाही, विष्ठाही टाकत नाही; दिवसातून दहाएक वेळा उठतो तो केवळ अंडी फिरवण्यासाठी. या काळात त्याच्या देहाचा एक-तृतीयांश भाग झडून जातो. उन्हाळ्यापासून अंगावर साठवलेल्या चरबीवर तो जगतो. आणि या व्यवहारातला विलक्षण योग असा की माणसाला इमूकडून जे तेल हवे असते ते याच चरबीचे. मादी बहुधा या अवधीत दुसरीकडे निघून जाते, कधी दुसरा सहचरही शोधते. पिले बाहेर पडल्यावर त्यांना चरायला शिकवणे, कोल्ह्या-कुत्र्यापासून राखणे, हेही कित्येक महिने पित्याचेच काम. आपल्याकडे खुडूक बसलेल्या कोंबडीचा उल्लेख म्हातारी माणसे मायेने करतात. इमूच्या बापाविषयी कोणा ओवीकर्तीला ठाऊक असते तर जात्यावर त्याचीही एखादी ओवी निश्चित झाली असती.

पाळणाऱ्याला मात्र ही तपश्चर्या परवडत नाही. नर बसला की जोडी मोडते, मादीचे अंडी घालणे आटोपते, आणि पंचवीस अंड्यांच्या ठिकाणी आठ-दहांवर समाधान मानावे लागते. म्हणून रोज सायंकाळी आणि पुन्हा सकाळी अंडी उचलून न्यायची, आणि पित्याचे काम यंत्राकडे द्यायचे. मोठ्या फार्मवर त्यासाठी शेकडो अंड्यांची, आपोआप फिरणाऱ्या कप्प्यांची यंत्रे आली. पण घरगुती उबवणीची खरी शाळा म्हणजे थर्मोकोलची किंवा प्लायवूडची पेटी, तिच्यात एक-दोन विजेचे दिवे, कॉम्प्युटरमधून काढलेला छोटा पंखा, तापमान ठरावीक अंशावर आले की दिवा बंद करणारा नियंत्रक आणि तळाशी पाण्याचे वाडगे. एवढ्या सामग्रीवर कोंबडीचे अंडे फुटते, बटेराचेही फुटते. इमूचे अंडे याच पेटीत फुटते. परंतु त्याच्या अटी निराळ्या आहेत, आणि त्या अटी वऱ्हाडच्या हवेशी ज्या रीतीने भांडतात ती हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे.

पहिली अट तापमानाची. कोंबडीच्या अंड्याला साडेसदतीस अंशांच्या आसपास ऊब लागते. इमूच्या अंड्याला सुमारे छत्तीस, जुन्या मोजणीने शहाण्णव ते सत्त्याण्णव फॅरनहाइट. हा दीड अंशाचा फरक क्षुल्लक वाटतो. पण पन्नास दिवस तो चुकत राहिला तर गर्भ अकाली वाढतो, बेंबी उघडी राहते, पाय वाकडे होतात. दुसरी अट आर्द्रतेची, आणि ती अधिक नाजूक. अंड्याच्या कवचाला सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून आतली वाफ सतत बाहेर जात असते, आणि ती जितकी जाईल तितकी रुंद बाजूची हवेची पोकळी वाढते. अखेरच्या दिवशी पिलाचा पहिला श्वास याच पोकळीतल्या हवेचा असतो. फार वाफ गेली तर पिलू वाळते, चिकटते. फार थोडी गेली तर ते फुगलेले, पाण्याने जड झालेले, वळायलाही जागा नसलेले असे आतच गुदमरते. म्हणून आर्द्रता तीस-चाळीस टक्क्यांच्या आत ठेवायची, आणि तिची रुजुवात करायची ती तराजूवर. सहाशे ग्रॅमच्या अंड्याने सबंध अवधीत पंधरा टक्के, म्हणजे नव्वद ग्रॅम वजन टाकावे, असा ढोबळ दंडक धरला तर आठवड्याला साडेबारा ग्रॅम होतात. दर सोमवारी अंडे तराजूवर ठेवायचे आणि आकडा वहीत टिपायचा. आठच ग्रॅम गेले असतील तर पाण्याचे वाडगे काढून घ्यायचे. अठरा गेले असतील तर आणखी एक ठेवायचे. ज्याने ही वही इमानाने लिहिली त्याचे अंडे बहुधा फुटले. माझ्या मते घरगुती उबवणीचे रहस्य म्हणतात ते या वहीपलीकडे फारसे नाही.

आता वऱ्हाडची हवा. कार्तिक-मार्गशीर्षात ती जणू या कामासाठीच बनवलेली असते: रात्री थंड, दिवस कोरडा, मागच्या अंधाऱ्या खोलीत अंडी आठ-दहा दिवस साठवून एकदम यंत्रात घालावीत इतका गारवा. फ्रिजमध्ये मात्र ती ठेवायची नसतात, कारण तेथली थंडी गर्भाला मारक; साधारण पंधरा-सोळा अंश पुरेत. पण उशिराचा माल, म्हणजे शिमग्याच्या आगेमागे घातलेली अंडी, यंत्रात असतात ती चैत्र-वैशाखात, आणि तेव्हा अकोल्याचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर, कधी सत्तेचाळीसच्याही पलीकडे गेलेला असतो. इन्क्युबेटर हे यंत्र तापवू शकते, निववू शकत नाही. खोलीच छत्तिसाच्या वर गेली की नियंत्रक आपला दिवा विझवून स्वस्थ बसतो आणि पेटीचा पारा खोलीबरोबर चढत जातो. टिनाच्या शेडमध्ये तर दुपारी तीन वाजता पेटी ही भट्टीच. यावर वऱ्हाडी माणसाच्या हाताशी असलेला उपाय म्हणजे कूलर. खिडकीला लावलेला, वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांवरून पाणी ठिबकवणारा, सबंध उन्हाळा घराघरांतून घोंघावणारा हा कूलर अमरावती-अकोल्याच्या जीवनाचा इतका अविभाज्य भाग आहे की त्यावाचून येथे वैशाख कल्पिता येत नाही. परंतु कूलर हवा थंड करतो ती तिच्यात पाणी मिसळून; म्हणजे तापमान उतरते आणि त्याच क्षणी आर्द्रता चढते, आणि इमूच्या अंड्याला जे सर्वांत अप्रिय ते त्याच्या दाराशी येते. कूलर बंद ठेवावा तर गर्भ शिजतो, चालू ठेवावा तर बुडतो. हा पेच सुटायचा तर कूलर शेजारच्या खोलीत लावून मधले दार किलकिले ठेवायचे, पेटीतले पाणी सर्वस्वी काढून टाकायचे, आणि माघ संपल्यावर पडलेले अंडे उबवण्याचा लोभच सोडायचा. यांतला शेवटचा उपाय सर्वोत्तम, आणि व्यवहारात तोच सर्वांत कमी पाळला जाणारा. कारण तेव्हा एका पिलाची किंमत तोंडावर असे आणि वैशाखाची झळ अद्याप दूर असे.

हवेच्या जोडीला वीज. इमूची भरभराट झाली तीच नेमकी महाराष्ट्रात भारनियमनाची वर्षे. ग्रामीण भागात दिवसाचे बारा-बारा तास आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक वेळ तारांतून प्रवाह नसे. अंडे मोठे असल्याने ते सावकाश निवते, आणि उबवणीच्या पूर्वार्धात तास-दोन तासांची तूट ते सोसून नेते. उत्तरार्धात गोष्ट बदलते. तोवर आत बऱ्याच आकाराचा जीव झालेला असतो, तो स्वतः उष्णता निर्माण करतो आणि त्याला हवा पुष्कळ लागते. पंखा बंद पडलेल्या, गच्च लावलेल्या पेटीत त्याला थंडीहून अधिक धोका कोंडमाऱ्याचा असतो. इन्व्हर्टरची बॅटरी पंख्याला पुरवायची आणि ऊब गरम पाण्याच्या बाटल्यांनी राखायची ही युक्ती ज्याला साधली त्याची अंडी त्या दिवसांतही वाचली. अंडे फिरवण्याला मात्र वीज लागत नाही. यंत्र ते तासातासाला फिरवते. हाताने फिरवणाऱ्याने दिवसातून तीनदा किंवा पाचदा, विषम संख्येने फिरवायचे, म्हणजे रात्रीचा लांब पहारा अंडे एकाआड एक कुशीवर काढते. कोंबडीच्या अंड्यावर त्यासाठी पेन्सिलीची खूण करतात; हिरव्या कवचावर पेन्सिल उमटत नाही, तेथे खडू.

हे हिरवेपण आणखी एका बाबतीत आडवे येते. कोंबडीचे अंडे दिव्यापुढे धरले की सातव्या-आठव्या दिवशी रक्तवाहिन्यांची लालसर जाळी दिसते आणि निपज आहे की नाही ते कळते. इमूच्या अंड्यामागे कितीही प्रखर दिवा धरा, कवच आतले काही सांगत नाही. त्यामुळे पन्नास दिवस माणसाने एका बंद वस्तूची सेवा करायची, तिचे वजन लिहायचे, तिला कूस बदलवायची, आणि आत जीव आहे की कुजका बलक याचा निवाडा अखेरपर्यंत राखून ठेवायचा. नाक हाच एक साक्षीदार. कुजलेले अंडे वेळेत बाहेर काढले नाही तर ते पेटीत फुटते आणि शेजारच्यांनाही नासवते. शेवटच्या पंधरवड्यात मात्र एक गंमत करता येते. अंडे सपाट काचेवर ठेवून त्याच्याजवळ हलकी शीळ घालावी किंवा बोटाने टकटक करावी. आत जीव असेल तर अंडे आपल्या जागी डुलते. ज्याने हे एकदा पाहिले तो पुढे कितीही तोट्यात गेला तरी या प्रसंगाविषयी बोलताना त्याचा स्वर बदलतो.

अठ्ठेचाळिसाव्या दिवसानंतर फिरवणे बंद करायचे, अंडी सपाट तळाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायची. पन्नास ते बावन्न दिवसांच्या दरम्यान आतून चीं-चीं ऐकू येते, मग कवचाला तारा पडतो. येथे पाळणाऱ्याच्या संयमाची परीक्षा. पिलू तासन्‌तास थांबते, पुन्हा धडपडते, पुन्हा थांबते. त्याला साह्य करावे म्हणून कवच सोलायला गेले की अद्याप आत न शोषलेल्या बलकाच्या रक्तवाहिन्या तुटतात. बाहेर येते ते चारशे ग्रॅमच्या आगेमागे, मळकट पांढऱ्या अंगावर तपकिरी पट्टे ओढलेले, ओले, दमलेले पिलू. पट्टे तीन महिन्यांत विरतात. पहिले दोन-तीन दिवस त्याला अन्न द्यायचे नसते, पोटातला बलक त्याला पुरतो. दयाळूपणाने कण्या घालणाऱ्या घरांत तोच बलक आत नासून पिले दगावतात. आणि त्याला वर्तमानपत्राच्या गुळगुळीत कागदावर ठेवायचे नाही. पाय घसरून दोहीकडे फाकले की ते पुन्हा जुळत नाहीत, आणि ज्या प्राण्याची सारी प्रतिष्ठा पायांत, त्याचे पाय गेले म्हणजे सर्वस्व गेले. यासाठी गोणपाट उत्तम, आणि सरकीच्या ढेपेची पोती वऱ्हाडच्या कोणत्याही कोठ्यात हातभर अंतरावर असतात.

इतक्या खटाटोपाने जन्मलेल्या पिलाचे पुढे करायचे काय, या प्रश्नाला त्या काळी एकच उत्तर होते: दुसऱ्याला विकायचे, म्हणजे तो त्याच्यापासून आणखी पिले काढील.

गेल्या शतकाच्या अखेरीस इमूपालन आंध्र प्रदेशात रुजले, तेथून ते तामिळनाडू आणि महाराष्ट्रात पसरले. वऱ्हाडात तो पक्षी आला तो काळ कापसाच्या कास्तकाराला कोणताही जोडधंदा चालून आला तरी दार उघडावे असा होता. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले; अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा हे ते जिल्हे. त्यातून अर्ध्या किमतीत संकरित गाई वाटल्या गेल्या, आणि ज्याच्या घरी कुटार पुरत नव्हते त्याच्या दाराशी दिवसाला ओझेभर हिरवा चारा मागणारे जनावर येऊन उभे राहिले. इमू हा त्या सरकारी वाटपातला नव्हे. त्याचा प्रचार खाजगी कंपन्या, दलाल आणि कृषिप्रदर्शनांतले मंडप यांनी केला. पण मनोभूमी तीच. याच प्रदेशाची स्वतःची जनावरे, पूर्णाथडी म्हैस असो की बेरारी शेळी, येथल्या उन्हाला आणि येथल्या तुटपुंज्या चाऱ्याला शतकानुशतके सरावलेली आहेत, आणि कर्नालच्या राष्ट्रीय ब्युरोच्या दप्तरी त्यांची स्वतंत्र जाती म्हणून नोंदही आहे. परंतु शेळीच्या नावाने मंडप भरत नाही, सहा फुटी पक्ष्याच्या नावाने भरतो.

कागदावरचा हिशेब निर्दोष होता. एका जोडीची पंचवीस अंडी, त्यांतली निम्मी फुटली तरी बारा पिले, म्हणजे सहा जोड्या. अडीच वर्षांत त्या अंड्यावर येणार, मग छत्तीस जोड्या. बेरीज-गुणाकारात कोठेही चूक नाही. चूक एवढीच की या ताळेबंदात गिऱ्हाइकाचे खाते नव्हते. इमूचे मांस कमी चरबीचे, लाल आणि पौष्टिक खरे. पण वऱ्हाडातल्या कोणत्याही रविवारच्या रश्शात ते कधी शिजले नाही, आणि ते शिजावे यासाठी लागणारा कत्तलखाना, शीतगृह, दुकान यांची साखळी कोणी उभारली नाही. तेलाला औषधी लौकिक मिळाला, पण ते काढून शुद्ध करणारे कारखाने तुरळक. तोवर पिलांना जो भाव होता तो नव्या पाळणाऱ्यांच्या भरतीवर होता. ज्या दिवशी नवा मनुष्य यायचा थांबला त्या दिवशी पिलू निरर्थक झाले. आणि येथेच मला या साऱ्या प्रकरणातला क्रूर विनोद दिसतो: ज्याला उबवणीची कला जितकी अधिक साधली, तो तितक्या लवकर बुडाला. ज्याची अंडी फुटली नाहीत त्याचे खाणारे तोंड तरी वाढले नाही.

तामिळनाडूत हे फार उघडपणे घडले. इरोडजवळच्या पेरुंदुराई येथे २००६ साली निघालेली सुसी इमू फार्म्स ही कंपनी दीड लाख रुपये घेऊन सहा पिले देई, वर महिन्याला सहा हजार रुपये देखभालीचे आणि वर्षाला वीस हजार बोनस देण्याची हमी घेई. म्हणजे दीड लाखावर वर्षाकाठी ब्याण्णव हजार, शेकडा एकसष्ट. आपल्याकडे धान्याची सवाई आणि दीडी घेणाऱ्या सावकाराला पिढ्यान्‌पिढ्या शिव्या पडल्या. त्या दीडीहूनही अधिक कोणी आपल्याला देऊ करतो तेव्हा ते पैसे कोणाच्या खिशातून येणार हे विचारायला हवे होते. ऑगस्ट २०१२ मध्ये कंपनी कोसळली, हजारो ठेवीदार फिर्यादीसाठी रांगेत उभे राहिले, आणि कुंपणांत मागे राहिलेल्या उपाशी पक्ष्यांना दाणा घालण्याचे काम राज्य सरकारवर येऊन पडले. महाराष्ट्रातले पाळणारे त्या कंपनीच्या कबुलायतीत असोत वा नसोत, भावाची घसरण त्यांनाही चुकली नाही. पुढे २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातून कडकनाथ कोंबड्यांचे प्रकरण उघडकीस आले तेव्हा करारनाम्याचा मसुदा पाहून इमूवाल्यांना नवे काहीच वाटले नसेल.

वस्तुतः वऱ्हाडला हा धडा नवा नव्हता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि वऱ्हाडी कापसाचे भाव आकाशाला भिडले; खामगाव, अमरावती, अकोला येथल्या पेठा त्या पैशावर फुगल्या, ज्वारीखालची जमीन पऱ्हाटीखाली गेली. युद्ध संपले आणि भाव उतरले. ज्या कापसासाठी खामगावची लोहमार्गाची शाखा हवी होती ती लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाली १८७० साली, तेजीचा कहर ओसरल्यानंतर. तथापि कापसाला मागणी होतीच, कमी भावाने का होईना. तो विकला गेला, आणि आजही विकला जातो. शहामृगाच्या पिसांचेही तेच. दक्षिण आफ्रिकेत आर्थर डग्लस नावाच्या वसाहतवाल्याने १८६९ मध्ये शहामृगाची अंडी उबवणारे यंत्र सिद्ध केले आणि औट्सहोर्नच्या परिसरात पिसांच्या पैशावर राजवाडे उठले. सोने, हिरे आणि लोकर यांच्या खालोखाल निर्यात होती ती पिसांची. १९१४ च्या महायुद्धाने तो बाजार एका हंगामात मोडला. पण तोपर्यंत पॅरिस-लंडनच्या बायका खरोखरच ती पिसे टोपीत खोवत होत्या. अखेरचे गिऱ्हाईक कधी नव्हतेच असा व्यवहार या तिहींत इमूचाच.

भाव पडल्यावर काय झाले ते बहुतेक ठिकाणी सारखेच. मोठा पक्षी दिवसाला सहा-सातशे ग्रॅम खाद्य खातो. वीस पक्षी म्हणजे दहा-बारा दिवसांत दीड क्विंटल. मका आणि सोयाबीनचे दर चढत असताना हा खर्च चालवणे कास्तकाराच्या आवाक्यातले नव्हते. काहींनी पक्षी मिळेल त्या किमतीला कापले, काहींनी कुंपणाचे दार उघडे टाकले. उबवणीची यंत्रे मात्र सर्वस्वी वाया गेली नाहीत. कप्पे बदलून आणि नियंत्रक दीड अंश वर चढवून त्यांत गावरान कोंबडीची अंडी लावता येतात. आणि सहाशे ग्रॅमच्या अंड्याचे वजन दर सोमवारी लिहिण्याची सवय ज्याला लागली त्याला एकवीस दिवसांचे कोंबडीचे काम पोरखेळ वाटल्यास नवल नाही.

हौसेने एखादी जोडी पाळणारे आणि दोन-चार अंडी घरच्या पेटीत लावणारे आजही आहेत, आणि त्यांना मी परावृत्त करू इच्छित नाही. कवचाला गिऱ्हाईक मिळते. वरचा गडद थर खरवडला की खाली निळसर आणि त्याखाली पांढरा असे रंग निघतात, आणि कोरीव कामाला ते फार चांगले. अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. पिलाचा पाय वळू लागला तर गावठी उपायांत आठवडा घालवण्यापेक्षा तेथला रस्ता धरलेला बरा. फक्त अंडे पेटीत ठेवण्यापूर्वी एक आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. कंपन्यांचे करार दोन वर्षांचे असत, कर्जाची मुदत पाच-सात वर्षांची. इमू माणसाच्या देखरेखीत वीस-पंचवीस वर्षे सहज जगतो, तीस-पस्तिशीपर्यंत गेल्याचेही दाखले आहेत. येत्या मार्गशीर्षात यंत्रात घातलेले अंडे माघात फुटले, तर त्या पक्ष्याला रोजचा सहा-सातशे ग्रॅम दाणा बहुधा आज शाळेत जाणाऱ्या मुलाला, तो कर्ता झाल्यावरही, घालावा लागेल.